लघवीचा तास: मोठ्या ऑपरेशननंतर किडनीवर लक्ष कसं ठेवायचं

हृदयाचा ठोका बिघडला की मॉनिटर ओरडतो. ऑक्सिजन घसरला की ओरडतो. किडनी बंद पडायला लागली, तर आयसीयूतलं एकही यंत्र आवाज करत नाही. पेशंटला दुखत नाही, तोही तक्रार करत नाही. कळतं ते फक्त दर तासाला वाकून युरोबॅग (लघवीची पिशवी) बघणाऱ्या माणसाला.

मी अकोल्यात एका रुग्णालयाच्या सर्जिकल आयसीयूत इन्चार्ज सिस्टर आहे. नवीन सिस्टर आणि ब्रदर ड्यूटीवर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना जे शिकवते, तेच इथे लिहिते आहे. कोणतं औषध, किती सलाईन, हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो निर्णय आपण भरलेल्या चार्टवर उभा असतो. चार्ट चुकला तर हुशारातला हुशार डॉक्टरही चुकीच्या दिशेने जाईल.

पेशंट बेडवर येताच

चार्टच्या डोक्यावर लाल पेनने चार गोष्टी लिहा: वजन, ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा पदार्थ), नेहमीचं बीपी आणि घरी चालू असलेली औषधं. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) पेशंट आला की धावपळ असते, मॉनिटर लावायचा, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) बघायचे, सलाईन जोडायचं. त्यात या चार गोष्टी राहून जातात आणि रात्री दोन वाजता कुणालाच आठवत नाहीत.

वजन कशासाठी? तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी ही आपली किमान रेषा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर, ४४ किलोच्या आजीला २२, ८० किलोच्या माणसाला ४०. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून तो काढून चार्टवर लिहूनच ठेवायचा. सगळ्यांना सरसकट '३० आली म्हणजे ठीक' म्हणायची सवय असेल तर ती मोडा. पेशंट खूप स्थूल असेल तर उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं ते धरतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

धोका कुणाला जास्त, हेही तेव्हाच ठरवून टाका. वय जास्त, शुगर, बीपी, आधीच किडनी थोडी कमजोर, लिव्हरचा आजार, हृदयाचं बायपास, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन, आणि कुठलंही इमर्जन्सी ऑपरेशन ज्यात पोटात पू होता. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा किडन्यांकडे जातो. त्यामुळे रक्तस्राव झाला, बीपी पडलं, जंतुसंसर्ग अंगात पसरला, तर पहिली झळ त्यांना लागते.

आमच्याकडे यात आणखी एक भर पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. शेतात काम करणारा माणूस पोट दुखतं म्हणून दोन दिवस दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या खातो, उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नाही, आणि मग आतडं फुटलेल्या अवस्थेत तालुक्याहून आमच्यापर्यंत पोचतो. ओटीच्या टेबलावर चढण्याआधीच त्याची किडनी ताणलेली असते. अशा पेशंटच्या नातेवाइकांना विचारताना 'काही औषध घेतलं का?' एवढं विचारून भागत नाही, उत्तर नाही असंच येतं. 'अंगदुखीची, पोटदुखीची गोळी घेतली का, किती दिवस, पाकीट आहे का?' असं विचारा.

तासाची नोंद

युरोमीटर (मोजायचा कप्पा असलेली पिशवी) लावलेला असेल तर तासाच्या ठोक्याला बघा, डोळ्याच्या पातळीवर आणून वाचा, लिहा आणि मोजायचा कप्पा खालच्या पिशवीत रिकामा करा. साधी युरोबॅग असेल तर मोजपात्रात काढून मोजा. पिशवीवरच्या रेघा अंदाजाच्या असतात, २० आणि ४० मधला फरक त्यांत दिसत नाही, आणि आपला सगळा प्रश्न त्या २० आणि ४० मध्येच असतो.

दोन तासांचं एकदम बघून अर्धं अर्धं लिहू नका. ज्या चार्टवर ओळीने ३०, ३०, ३०, ३० दिसतं तो मी परत तपासते, कारण माणसाची किडनी अशी घड्याळासारखी चालत नाही. खरा चार्ट ५५, ४०, ३५, ६० असा वरखाली असतो. उतरती रांग दिसते तीही अशाच खऱ्या चार्टवर: ५०, ४०, ३०, २५. यातला एकही आकडा एकटा बघितला तर घाबरण्यासारखा नाही, चारही एकत्र बघितले तर डॉक्टरांना सांगण्यासारखे आहेत.

आकड्याशेजारी रंग लिहा. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी असण्याची शक्यता. लालसर असेल तर रक्त आहे की कॅथेटर (लघवीची नळी) ओढला गेल्याची जखम, ते बघायचं. कोलासारखी काळपट लघवी, विशेषतः पाय चिरडलेल्या किंवा पायाचा रक्तपुरवठा बराच वेळ बंद राहिलेल्या पेशंटमध्ये, म्हणजे स्नायू तुटून त्यातला रंग किडनीत उतरतो आहे. हे दिसलं की पुढच्या तासाची वाट बघायची नाही, लगेच फोन.

आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्ही बाजू पूर्ण भरा. अँटिबायोटिक ज्या १०० मिलिलिटरमधून गेलं ते, नळी फ्लश केली ते, सगळं 'आत' मध्ये येतं. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), ड्रेन, स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड), जुलाब हे 'बाहेर' मध्ये. ताप आणि घाम मोजता येत नाही, पण शेऱ्यात लिहिता येतो. आणि शक्य असेल त्या पेशंटचं रोज सकाळी वजन करा. चार्ट काहीही सांगो, दोन दिवसांत वजन चार किलो वाढलं असेल तर ते पाणीच आहे.

कमी झाली तर: खालून वर जा

ऑपरेशननंतरचे पहिले काही तास लघवी थोडी कमी होणं हा शरीराचा स्वभाव आहे. ताणामुळे पाणी धरून ठेवणारं हार्मोन वाढलेलं असतं. म्हणून एका तासाच्या आकड्याने धावपळ करू नका. पण सलग दोन तास रेषेच्या खाली गेलं, तर माझ्या युनिटमध्ये कारण शोधायला सुरुवात होते. व्याख्येप्रमाणे सलग सहा तास कमी राहिली तर किडनीला इजा झाली असं धरतात. त्या सहा तासांपर्यंत थांबणं म्हणजे हातातला वेळ घालवणं.

शोधायचा क्रम मी नेहमी खालून वर सांगते, म्हणजे पिशवीपासून सुरू करून पेशंटपर्यंत.

नळी मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, तपासणीला नेताना लावलेला क्लॅम्प तसाच राहिला आहे का. नळीला लोंबता झोका पडून त्यात लघवी अडकली आहे का. पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. मग ओटीपोटावर हात ठेवा. घट्ट, भरलेलं लागलं आणि पेशंट दाबल्यावर कण्हला, तर लघवी तयार होते आहे, बाहेर येत नाही. कालपर्यंत ५० येत होती आणि आता एकदम शून्य, हे चित्र दिसलं की आधी कॅथेटरवर संशय घ्या. किडनी सहसा हळूहळू मंदावते, नळी मात्र एका गुठळीने क्षणात बंद होते. डॉक्टरांच्या सूचनेने निर्जंतुक पद्धतीने सलाईनचा फ्लश देऊन बघतात. पोर्टेबल सोनोग्राफी असेल तर मूत्राशय रिकामं आहे की भरलेलं ते एका मिनिटात कळतं.

नळी मोकळी निघाली, तर बीपी. वरचा-खालचा आकडा बघून थांबू नका, सरासरी बघा. खालच्या आकड्याची दुप्पट अधिक वरचा, भागिले तीन. १००/६० ची सरासरी साधारण ७३. ६५ च्या वर आहे म्हणून पुस्तक समाधानी असतं. पण हाच माणूस घरी १६०/९० वर वावरत असेल, तर त्याची सरासरी ११३ होती आणि किडनीला त्या दाबाची सवय आहे. याचसाठी लाल पेनने नेहमीचं बीपी लिहायला सांगितलं. फ्रान्समधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या) पेशंटमध्ये सरासरी दाब ६५ ते ७० ऐवजी ८० ते ८५ ठेवला. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण ज्यांना आधीपासून बीपीचा आजार होता त्यांना डायलिसिसची गरज कमी लागली. किती ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही त्यांना जुना आकडा द्या.

मग रक्त आणि पाणी. नाडी वाढते आहे का, पाय गार आहेत का, ड्रेनमध्ये रक्त वाढलं का, ड्रेसिंग भिजलं का, चादर उचलून पाठीखाली बघितलं का.

पोट बघा. आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर पोट ढोलासारखं ताणलं, व्हेंटिलेटरचा दाब वाढला आणि लघवी आटली, तर पोटातला दाब किडनीच्या शिरा दाबतो आहे असं समजा. हा दाब कॅथेटरमधूनच मोजता येतो: पेशंट सरळ उताणा, मूत्राशयात २५ मिलिलिटर सलाईन, श्वास सोडल्यावर वाचन, शून्य बगलेच्या मधल्या रेषेच्या पातळीला. १२ पर्यंत ठीक, त्याच्या वर वाढलेला, आणि २० च्या वर जाऊन एखादा अवयव नव्याने बंद पडायला लागला तर सर्जनना झोपेतून उठवायचं. पोट पुन्हा उघडावं लागू शकतं.

आणि एक गोष्ट खास गर्भाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी. कॅथेटरमधून लघवी कमी येते आहे आणि पोटातल्या ड्रेनमधून मात्र भरपूर, पातळ, पिवळसर पाणी येतं आहे, तर ते पाणी लघवी असू शकतं. मूत्रवाहिनीला इजा झाली की असं होतं. ड्रेनमधल्या पाण्याचं क्रिएटिनिन तपासायला पाठवतात. ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त आलं की उत्तर मिळालं. हे चाणाक्षपणे ओळखणारी व्यक्ती बहुतेक वेळा ड्रेन रिकामा करणारी सिस्टरच असते.

फोन कसा करायचा

'सर, लघवी कमी आहे' एवढ्यावर समोरून 'बरं, बघतो' येणार. असं बोला: 'सर, बेड चार, आतडं फुटल्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस. वजन ६०. गेल्या तीन तासांत लघवी २५, २०, १५. कॅथेटर तपासला, मोकळा आहे. बीपी ९६/५४, सरासरी ६८, नेहमीचं १५०/९०. नाडी ११८. कालपासून साडेतीन लिटर आत, दीड बाहेर. क्रिएटिनिन आधी ०.९, आज सकाळी १.३. अमिकासिनचा डोस आठ वाजता आहे, देऊ का थांबवू?' या बोलण्याला अर्धं मिनिट लागतं आणि यावर कुणीही बसून राहत नाही. बोलणं झालं की वेळ आणि मिळालेली सूचना चार्टवर लिहा.

सलाईन किती, यावर नवीन मुलं फार गोंधळतात. आधीची पद्धत ओतत राहायची होती, मग हात आखडता घ्यायची लाट आली. २०१८ साली पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या सुमारे ३,००० पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हात आखडून सलाईन दिलेल्यांत किडनीची इजा ८.६ टक्के, मोकळ्या हाताने दिलेल्यांत ५ टक्के. म्हणजे पेशंट कोरडा ठेवणं धोक्याचं आहे. पण ज्याच्या फुप्फुसात पाणी भरलं आहे त्याला लघवी कमी म्हणून आणखी बाटली लावणंही तितकंच धोक्याचं. म्हणून प्रत्येक बाटलीनंतर लघवी, नाडी, श्वास पुन्हा बघून कळवायचं.

लॅसिक्सने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) लघवी येते, किडनी बरी होत नाही. अंगात साठलेलं पाणी काढायला ते उत्तम औषध आहे, पण त्यानंतरच्या २०० मिलिलिटरकडे बघून निर्धास्त होऊ नका, आणि चार्टवर डोसची वेळ लिहिल्याशिवाय तो आकडा लिहू नका. कमी मात्रेचं डोपामिन (एरवी बीपी वाढवायला वापरतात ते औषध) 'किडनीसाठी' लावायची प्रथा तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २००० सालच्या अभ्यासानंतर संपायला हवी होती. त्यात काहीच फायदा दिसला नव्हता.

क्रिएटिनिन वाचायला शिका

क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीला इजा आज झाली तर आकडा उद्या किंवा परवा चढतो. त्यात भरपूर सलाईन गेलं असेल तर रक्त पातळ होऊन तो आणखी कमी दिसतो. लघवी तासात सांगते, क्रिएटिनिन दिवसांनी, म्हणून दोन्ही लागतात.

सगळ्यात मोठी फसगत लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका बारीक अंगाच्या आजींचं क्रिएटिनिन आधी ०.६ होतं, दुसऱ्या दिवशी १.० आलं. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नव्हती, कारण १.० नॉर्मलमध्ये बसतं. पण ०.६ वरून १.० म्हणजे दीडपटीहून जास्त. २०१२ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ४८ तासांत ०.३ ने वाढ किंवा सात दिवसांत दीडपट वाढ, यातलं काहीही झालं की किडनीला इजा झाली. दुप्पट झालं की दुसरी पायरी, तिप्पट किंवा ४ च्या वर गेलं की तिसरी. ज्यांच्या अंगावर मांस कमी, त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. त्यांच्यासाठी लॅबचा रकाना विसरा, त्यांचा स्वतःचा जुना आकडा बघा. त्या आजींची दुखण्याची इंजेक्शनं तेव्हाच बदलली, सलाईनचं गणित पुन्हा केलं, आणि आकडा पुन्हा खाली आला.

रिपोर्टवर छापून येणारा ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज) या दिवसांत धरू नका. क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हाच ते गणित खरं असतं.

रक्त घेताना सलाईन चालू असलेला हात टाळा. मी याबाबत कडक आहे, कारण त्या हातातून घेतलेल्या नमुन्याने सोडियम, पोटॅशियम, शुगर सगळंच खोटं येतं. सुई बारीक आणि ओढाओढ केलीत तर रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम उगाच जास्त दिसतं. पण जास्त आलं म्हणून 'नमुना फुटला असेल' असं गृहीत धरून बसू नका. नमुना पुन्हा पाठवा आणि त्याच वेळी ईसीजी काढा. टी लाटा उंच टोकदार झाल्या असतील तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवा. आणि लघवी कमी झालेल्या कुठल्याही पेशंटच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड घातलेलं आहे का, हे आधी बघा. सकाळच्या सूचनेने घातलेलं ते रात्रीही शांतपणे चालू असतं.

औषधांचा कागद

दुखणं कमी करण्याला माझा विरोध नाही, पेशंटला वेदनेत ठेवणं मला सहन होत नाही. पण डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन हे आपल्याकडे इतकं सहज दिलं जातं की ते किडनीचा रक्तपुरवठा आवळतं हे कुणाच्या मनातच येत नाही. लघवी कमी, बीपी कमी, वय जास्त, क्रिएटिनिन चढतं आहे, यांपैकी काहीही असेल तर देण्याआधी विचारा. पॅरासिटामॉल, नसेचा ब्लॉक, एपिड्युरल हे मार्ग असतात. अमिकासिन आणि जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन, सीटी स्कॅनचा कॉन्ट्रास्ट, बीपीच्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गटातल्या गोळ्या: किडनीला त्रास देऊ शकणारी ही नावं तोंडपाठ हवीत. किडनी मंदावली की काही औषधं अंगात साठतात. मॉर्फिनवरचा पेशंट जास्तच गुंगीत दिसला, किंवा एनॉक्सापॅरिनवर (गुठळ्या टाळणाऱ्या इंजेक्शनवर) रक्त थांबेना, तर डोस किडनीप्रमाणे बदलला आहे का ते विचारा.

डायलिसिसबद्दल थोडंच. पोटॅशियम औषधांनी खाली येत नाही, फुप्फुसात पाणी, रक्तात आम्ल फार वाढलं, युरियामुळे शुद्ध हरपते आहे, तेव्हा तो लागतो. नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून लवकर सुरू केल्याने जीव जास्त वाचत नाहीत, असं २०२० च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. नातेवाईक 'लवकर का लावत नाही' म्हणून रागावतात, त्यांना हे शांतपणे सांगा.

कॅथेटर काढल्यावर

जंतुसंसर्ग टाळायला तो जितक्या लवकर काढता येईल तितकं बरं. पण काढला की मोजणं थांबतं, हे मला खटकतं. काढल्याची वेळ लिहा. सहा तासांत लघवी झाली नाही तर मूत्राशय तपासा. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल, किंवा प्रोस्टेट वाढलेले आजोबा असतील, तर जास्त जपून. थोडी थोडी, वारंवार होते आहे यावर समाधान मानू नका, भरलेल्या मूत्राशयातून सांडणारी लघवीही अशीच असते. मावशींना आणि मामांना सांगून ठेवा: पॉट ओतायच्या आधी मोजायचं.

घरी जाणाऱ्यांसाठी

हे नातेवाइकांनी वाचावं. दवाखान्यात असताना किडनीला त्रास झाला होता का, आणि सुट्टीच्या दिवशी क्रिएटिनिन किती होतं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. झाला असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत तपासणी पुन्हा करा, डॉक्टर नेमकी तारीख देतील. बंद केलेल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते विचारल्याशिवाय घरातल्या जुन्या पाकिटातून देऊ नका. टाके दुखतात म्हणून दुकानातून गोळी आणू नका, लिहून दिलेलीच द्या. शक्ती यावी म्हणून कुणी भस्म किंवा काढा आणून दिला तर तोही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. पाणी किती प्यायचं ते प्रत्येकाचं वेगळं असतं: हृदय कमजोर असलेल्याला 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला मारक ठरू शकतो, आणि उन्हाळ्यात स्टोमा घेऊन घरी गेलेल्या माणसाला कमी पाणी. पायाला किंवा चेहऱ्याला सूज, दिवसभरात लघवी अगदी कमी, धाप, सतत उलट्या, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता या.

तीन महिन्यांनी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी नक्की करा. टाके भरलेले असतात, माणूस पुन्हा शेतात जायला लागलेला असतो, आणि घरातल्यांना वाटतं आता कशाला. इजा झालेल्या काही किडन्या पूर्ण सावरत नाहीत, आणि तीन महिन्यांच्या या तपासणीतच ते लवकर पकडता येतं.